शेवाळी लोकरीचा आठवडा

सोमवार, ता. ९

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे बरे असाल. तुमच्या यजमानांचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी खिडकी उघडायला जोर लावावा लागतो. मी ठीक आहे. तुमचे भाऊही ठीक असतील.

आजपासून आठवडाभर मी रजेवर आहे. मी मागितली नव्हती, डॉक्टरांनीच घ्यायला लावली. झालं असं, की गेल्या आठवड्यात एका आजोबांची दाढ काढायची होती. ती काढून ते बाहेर येऊन बसले, आणि मी पुन्हा त्यांनाच आत पाठवलं. ते बिचारे बधिर तोंडानं "हालीऽ, हालीऽ" असं काहीतरी म्हणत होते, आणि मी आपली, "हो हो आजोबा, बसा, घाबरू नका." डॉक्टरांनी दुसऱ्या दाढेला हात घालण्याआधी तोंडातला कापूस पाहिला म्हणून बरं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही एवढ्या वर्षांत रजा घेतलेली नाही. आता घ्या. आणि दवाखान्याकडे फिरकू नका." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते काळजीनं बोलले. मला दोन्ही सारखंच वाटलं.

तर या आठवड्यात तुमचं सगळं विणकाम उरकायचं ठरवलं आहे. लोकर गेल्या महिन्यातच आणून ठेवली होती. तुमच्या बडबड्या लेकीनं, आपल्या टकळीनं, शेवाळी रंग निवडला, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण आता राहिलेले गुंडे पलंगावर मांडले तर रंग छान दिसतो आहे, पोरीला नजर आहे. सासूबाईंच्या नियमाप्रमाणे सगळी लोकर एकदमच घेतली, एकाच वेळी रंगवलेली. त्या म्हणायच्या ना, घरात लग्न निघालं की घरातल्या प्रत्येक माणसाच्या अंगावर एकाच लोकरीचं काहीतरी हवं, म्हणजे मंडपात आपली माणसं लांबून ओळखू येतात. नंतर आणलेली लोकर दुकानदार "तोच रंग" म्हणून देतो, पण उन्हात नेली की वेगळी पडते. सासूबाई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि तुमच्या हातच्या एका बाहीत माझ्या दोन बाह्या मावतात म्हणून माझ्याकडेच राहिलं.

टकळीला शाल, जावईबापूंना स्वेटर, तुम्हाला शाल, तुमच्या यजमानांना पुढून उघडा स्वेटर आणि मला एक शाल, एवढं मोजून आणलं आहे. त्यातल्या तुम्हा मायलेकींच्या शाली झाल्या आहेत, बाकीचं आता.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनी, लग्नाचं मग कसं करताय?" मी म्हटलं, "बघते." तुम्ही म्हणालात, "सावकाश सांगा, घाई नाही." घाई आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. लग्न महिन्यावर आलं. हल्ली फोनवर माझ्या तोंडून "हो" आणि "बघते" याखेरीज काही निघत नाही, म्हणून हे पत्र. मी येणार की नाही, ते आठवडाभरात लिहिते. पत्रं पार्सलमध्येच घालीन, वेगळं पोस्टात टाकायला नको.

विणता विणता वाचायला दवाखान्यातल्या मदतनीस मुलीनं कादंबऱ्यांची एक पिशवी भरून दिली आहे. म्हणाली, "मावशी, डोकं बाजूला ठेवून वाचा." डोकं बाजूलाच आहे, तेव्हा जमेल.

टकळीला माझा गोड पापा. तिला म्हणावं, नोकरीवर निदान जेवायच्या सुट्टीपर्यंत तरी गप्प बसत जा.

तुमची,
वहिनी


बुधवार, ता. ११

प्रिय वन्सं,

नमस्कार. पहिली बातमी अशी, की तुमच्या यजमानांच्या स्वेटरला दोन डाव्या बाजू झाल्या आहेत.

दोष कादंबरीचा आहे. मी एक युक्ती काढली आहे. पुस्तक उघडून त्याची पानं दोन्हीकडून कपड्यांच्या चिमट्यांनी पकडायची, आणि ते डब्याला टेकवून समोर उभं करायचं. सरळ ओळी हात आपोआप विणतात, त्यांना माझी गरज नसते. मग डोळे मोकळे राहतात. पान उलटायचं तेवढं ओळीच्या शेवटी. पिशवीतली पहिली कादंबरी खुनाची होती. डोंगरावरच्या एका हॉटेलात बर्फ पडून सगळे अडकतात आणि एकेक जण मरायला लागतो. चौथा माणूस मेला तेव्हा मी डाव्या बाजूचा गळा उतरवत होते. सहावा मेला तेव्हाही डाव्याच बाजूचा उतरवत होते. दोन्ही तुकडे पलंगावर ठेवले आणि बघते तर दोघांची तोंडं एकीकडे. बसमधल्या दोन अनोळखी माणसांसारखे बसले होते. एक उसवला. खुनी कोण निघाला ते आता आठवत नाही.

दुसरी कादंबरी जाडजूड आहे. त्यातल्या बाईचा नवरा बोटीवर जातो आणि ती किनाऱ्यावरच्या घरात त्याची वाट बघते. निम्मं पुस्तक झालं तरी बघतेच आहे. घराला गळती लागली आहे, कोंबड्या मरताहेत, आणि ही खिडकीत. मदतनीस मुलीनं ठिकठिकाणी पेन्सिलीनं "किती रडवलं!" असं लिहून ठेवलं आहे. मी तिथं तिथं थांबून पाहिलं. काही झालं नाही. मी टाके मोजले आणि पुढं गेले.

दवाखान्यात भूल दिलेल्या माणसाला मी रोज सांगते, की दोन तास गरम काही पिऊ नका, काही चावू नका. तुमचाच गाल तुमच्या दाताखाली येईल आणि तुम्हाला कळायचं नाही. लोक घरी जाऊन तेच करतात. भूल उतरली की मग फोन करतात, "अहो, तोंडात रक्त कसलं?" मला हल्ली वाटतं, मी असलं काहीतरी चावून बसले असेन आणि मला ते मागाहून कळेल.

असो. तुमचा काल फोन आला. मी नीट बोलले नाही असं तुम्हाला वाटलं असेल, म्हणून पुन्हा लिहिते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"आणखी एक शाल होईल का? लोकर पुरली तर हं. नाही पुरली तर राहू दे."

"होईल की. कुणाला?"

"आहे एक जण. पाहुणी म्हणा. तुमच्यापेक्षा जरा उंच आहे. खांद्यानं भरलेली."

"हो," मी म्हटलं.

मग तुम्ही हॉलच्या खुर्च्यांबद्दल बोलत राहिलात. लाकडी म्हणून सांगितल्या आणि प्लास्टिकच्या निघाल्या, त्यांना कापडाच्या पिशव्या घालणार म्हणतात, पिशव्यांना मागून गाठ असते. वन्सं, मी तुम्हाला ओळखते ना. सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांनी आपल्याला बाहेर बोलावून सांगितलं, तेव्हाही तुम्ही आत येऊन त्यांच्या खोलीतल्या पंख्याबद्दल बोलत होतात. बोलायची गोष्ट जवळ आली की तुम्ही भलत्याच वस्तूचं वर्णन लावता. त्या पंख्याच्या दिवशी मी तुमचा हात धरला होता. काल फोन कानाला धरून खुर्च्या ऐकत राहिले.

आज सकाळी लोकरीच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार माझे जुने ओळखीचे, नमुना बघताक्षणी म्हणाले, "ही संपली हो. नवीन येईल, पण ही नाही येणार." नवीन आलेला गुंडा त्यांनी दाखवला. दुकानाच्या दाराशी नेऊन पाहिला. हिरव्यात पिवळं जास्त होतं. नाही घेतला.

म्हणजे आणखी एक शाल करायची, तर ती माझ्या वाटणीच्या लोकरीतूनच होईल. दुसरीकडून कुठून होणार? तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर तुम्ही विचारलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे. ती पटते आहे की नाही ते बघायला मला वेळ नाही, उजवी बाजू अजून व्हायची आहे.

दुपारी चहाबरोबर ब्रेड खाल्ला. जेवण म्हणजे आता तेच झालं आहे. तुम्ही ओरडाल, म्हणून सांगते, सोबत एक केळंही खाल्लं.

तुमची,
वहिनी


शुक्रवार, ता. १३

प्रिय वन्सं,

आज नमस्कार-चमत्कार राहू देत.

काल दुपारी टकळी येऊन गेली. तुम्हाला माहीत नसेल. नोकरीच्या कामासाठी या बाजूला आली होती आणि परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून वाट वाकडी करून आली. दार उघडलं तर एका हातात फाईल, एका हातात संत्री आणि तोंड चालू. चपला काढायच्या आत तिनं मला साहेब, साहेबांचा मेहुणा, बसमधली एक बाई आणि तिची मांजर, एवढं सगळं सांगितलं. कॉलेजच्या दिवसांत इथं राहायची तेव्हासारखीच सरळ स्वयंपाकघरात गेली आणि डबे उघडायला लागली. "मामी, तू जेवतेस काय? सगळे डबे रिकामे!" मी म्हटलं, रजेवर आहे ना, डबेही रजेवर आहेत. ती हसली. मलाही हसू आलं, म्हणजे तसा आवाज तरी आला.

मग ती पलंगावर बसली आणि तिनं स्वेटर उचलला. जावईबापूंचा. तुमच्या यजमानांची उजवी बाजू उरकून बुधवार-गुरुवार मी रात्री जागून तोच विणत होते. पुढचा-मागचा भाग पुरा झाला होता, एक बाहीसुद्धा लागली होती. तिनं तो उलगडून अंगाशी धरला.

"हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा."

"मामी! ह्यात तो आणि त्याचा भाऊ दोघं मावतील! शिवाय डबाही ठेवता येईल!" ती लोळायची बाकी होती हसून. "तू त्याला पाहिलंयस ना? काडी आहे काडी. तो एवढा पोटानं..."

आणि ती थांबली. वन्सं, तुमची मुलगी बोलता बोलता थांबली, हे मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तिनं स्वेटरचा गळा पाहिला, एक बाजू जराशी उतरती. उजवा खांदा खाली असतो ना त्यांचा, म्हणून तिकडे मी नेहमी एक ओळ कमी धरते. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"मामी, हा मामाचा आहे."

मी तो हातात घेतला. मापाचा कागद समोर होता. जावईबापूंची छाती, उंची, बाही, सगळं तुम्ही फोनवर सांगितलेलं, मी लिहून घेतलेलं. कागदाकडे मी एकदासुद्धा पाहिलं नव्हतं. डोळे त्या किनाऱ्यावरच्या बाईत होते आणि हातांनी आपले नेहमीचे टाके घातले होते. मोठा पुरुषी स्वेटर म्हटला की हातांना एकच माणूस माहीत आहे. त्यांच्यासाठी मी यंदा लोकर मोजली नव्हती. मुद्दाम नव्हती मोजली. आणि विणून मात्र बसले.

आता लिहितेच. आपण दोघी इतके महिने हे लिहायचं आणि बोलायचं टाळतो आहोत. तुमचे भाऊ उन्हाळ्यात घर सोडून गेले. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंकडे राहतात. तुम्हाला हे त्यांनी सांगितलेलं आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी मी प्रत्येक फोनला "तेही ठीक आहेत" म्हणते आणि तुम्ही "बरं झालं" म्हणता. गेले त्या दिवशी भांडण झालं नाही. दोन बॅगा घेऊन गेले. चार दिवसांनी दाढीच्या यंत्राचा चार्जर विसरला म्हणून परत आले. मी चहा केला. त्यांनी तो घेतला, म्हणाले, "छान झालाय." आणि उठून कप विसळून पालथा घातला. वन्सं, अख्ख्या संसारात त्यांनी कधी कप विसळला नव्हता. बॅगा उचलल्या तेव्हा मला काही कळलं नव्हतं. कप विसळला तेव्हा कळलं, की हे आता या घरात पाहुणे झाले. तेव्हापासून मला काही वाटायचं बंद झालं आहे. रडू नाही, राग नाही. दिवस उजाडतो, मी आवरते, दवाखान्यात जाऊन लोकांना तोंड उघडायला सांगते.

टकळी हे सगळं जाणूनच होती. तिनं स्वेटर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मामी, तुला काय झालंय?"

"कुठं काय?"

"आई म्हणते तुला बरं नाही. म्हणून तू लग्नाला येणार नाहीस. तिनं काकूंना सांगितलंय, आत्याला सांगितलंय, त्याच्या घरीसुद्धा सांगितलंय. मला कुणी सांगतच नाही काय ते. ऑपरेशन आहे का?"

मी मापाचा कागद घडी केला. तुमचा फोन आठवला. सावकाश सांगा. घाई नाही. आणि मी इकडे आठवडाभर विचार करते आहे, की जावं की न जावं.

"मामी?"

"हो ग," मी म्हटलं. "जरा बरं नाही."

"म्हणजे काय पण?"

"दातांचं आहे."

"दातांचं?" ती उभी राहिली. "दातांसाठी कुणी लग्न बुडवतं का? ते पण दातांच्या दवाखान्यात काम करणारं माणूस?"

मी संत्रं सोलून तिला दिलं. ते तिनं खाल्लं नाही, हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "मला वाटलं होतं तू माझ्याजवळ असशील. सकाळपासून. मी ठरवूनच टाकलं होतं. पण तुलाच यायचं नसेल तर मी काय बोलणार?" मग नाक ओढलं, फाईल उचलली आणि बसची वेळ झाली म्हणाली. वेळ झाली नव्हती.

तुम्ही माझ्या वतीनं सगळ्यांना सांगून टाकलं आणि मी तुमचं खोटं सांभाळून घेतलं. पोरीला मात्र वाटतं आहे, की मलाच यायचं नाही. मला तुमचा राग यायला हवा होता. मी वाट पाहिली. आला नाही. मी भांडी घासली, खरं तर एकच कप होता.

वहिनी


रविवार, ता. १५

प्रिय वन्सं,

नमस्कार. पार्सल उद्या निघेल. आधीची तीन पत्रं त्यातच आहेत, ती तारखेप्रमाणे वाचा. शेवटून वाचायची तुमची खोड माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी तो स्वेटर उसवला. उसवताना फार वेळ लागत नाही. विणायला दोन दिवस, उसवायला एक चहा. लोकर कुरळी झाली होती, ती लडी करून धुतली आणि खाली वजन लावून न्हाणीघरात टांगली. काल कागद समोर ठेवून, पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून, जावईबापूंचा स्वेटर पुन्हा घातला. तो आज पुरा झाला. अंगासरसा बसेल. तुमच्या भावांच्या पोटापुरती जी लोकर उरली, तिचा जावईबापूंना एक मफलरही झाला आहे. कशाला ना कशाला ते पोट उपयोगी पडलं.

पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवलं खरं, पण जेवताना ते आणलंच. पिशवीतली शेवटची कादंबरी. प्रेमाची आहे. एक भला माणूस आहे, त्याला एक बाई आवडते, तीही भली आहे. दोघं फार सुंदर बोलतात. लेखकाचा त्यांच्यावर भारी जीव. त्या माणसाला एक बायकोही आहे. ती सबंध पुस्तकात पाच-सहा ठिकाणीच येते आणि दर वेळी तिचं डोकं दुखत असतं. मेजवानी आहे, बायकोचं डोकं दुखतं, ती वरच्या खोलीत जाते. सहल आहे, पुन्हा डोकं. आधी मला वाटलं, पुढं हिला काहीतरी मोठा आजार निघणार. काही निघत नाही. लेखकाला तिला तिथून घालवायची असते, एवढाच तो आजार.

वन्सं, मी घास तोंडात धरून बसले. मग पुस्तक मिटलं आणि ओरडले. एकटी, स्वयंपाकघरात. "तिला खाली येऊ दे की!" असं ओरडले. शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक करून विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, वाचतेय. मग मला रडायला आलं, आणि ते तासभर थांबेना. गाल दुखायला लागला तेव्हा कळलं, की भूल उतरली आहे.

म्हणून आता नीट लिहिते.

तुमची अडचण मला कळते. त्यांनी तुम्हाला सांगितलं असणार, की येऊ तर दोघं येऊ. ते टकळीचे मामा आहेत, तुमचे एकुलते एक भाऊ आहेत. त्यांना "नको" म्हणणं तुम्हाला जमणार नाही, आणि म्हणूही नका. मला "नको" म्हणणंही तुम्हाला जमेना, म्हणून तुम्ही मला आजारी पाडलंत. आपण दोघींनी एका आजारपणात सासूबाईंचं सगळं केलं. आळीपाळीनं जागलो, एकाच डब्यातलं खाल्लं. तुम्ही हे तोंडावर विचारलं असतंत, "वहिनी, नाही आलात तर चालेल का?" असं म्हणाला असतात, तर मी तेव्हा "हो" म्हटलं असतं. हल्ली मी सगळ्यालाच "हो" म्हणत होते. तुम्ही विचारलं नाहीत, हे एका परीनं बरंच झालं.

ती जादा शाल मी विणलेली नाही आणि विणणार नाही. "पाहुणी" कोण ते मला फोनवरच कळलं होतं. त्यांना जरूर बोलवा. त्यांचं मी काही वाईट चिंतत नाही, चिंतायची ताकदही नाही. त्यांना बाजारातून चांगली शाल आणा, मऊ आणा, भारी आणा. पण सासूबाईंच्या नियमातली, माझ्या हातची, माझ्या वाटणीच्या लोकरीची शाल त्यांच्या खांद्यावर, आणि मी इथं दातांना हात लावून बसलेली, हे व्हायचं नाही. त्या लोकरीची मी माझी शाल सुरू केली आहे. पार्सलमध्ये ती नाही. राहिलेली बसमध्ये विणीन.

कारण मी येणार आहे. आदल्या दिवशी दुपारी पोचेन. तुमच्याकडे त्यांचं उतरायचं ठरलं असेल तर मी टकळीच्या मैत्रिणींच्या खोलीत पथारी टाकीन. त्या पोरींना माझ्या घोरण्याचं काही वाटायचं नाही. लग्नात मला पुढं बसायचं नाही, फोटोत मधोमध उभं राहायचं नाही. मला सकाळपासून तिच्याजवळ असायचं आहे. तिचे केस विंचरताना ती बोलत असेल, तेव्हा मला तिथं असायचं आहे. मी तिला वाढवलं असं म्हणत नाही, वाढवलं तुम्हीच. पण कॉलेजची ती वर्षं रोज संध्याकाळी ती माझ्या दारात चपला काढता काढता बोलायची. मला मूल नाही, वन्सं. तुम्हाला हे सांगायची आजवर गरज पडली नव्हती.

मला भीती वाटते आहे, हेही लिहून ठेवते. ते समोर आले तर मी कुठं बघायचं, हातांचं काय करायचं, मला माहीत नाही. त्या बाई "नमस्कार" म्हणाल्या तर माझ्या तोंडून काय निघेल, तेही माहीत नाही. हॉलमध्ये लोक आधी मला बघतील, मग त्यांना, मग पुन्हा मला. तुमच्या व्याह्यांना काय वाटेल हा तुमचा घोर मला कळतो, आणि तरी मी येते आहे. तुम्हाला याचा राग आला तर येऊ दे, आपण नंतर भांडू. निदान आपलं भांडण तरी होईल.

आणि सगळ्यांना जे सांगून झालं आहे, त्याचं काय करायचं हा तुमचा प्रश्न, त्याचंही उत्तर लिहिते. तुम्ही अगदीच खोटं बोलला नाहीत. मला बरं नव्हतं. उन्हाळ्यापासून नव्हतं, अजूनही पुरतं नाही. पण घरी बसण्याइतकं कधीच नव्हतं. कुणी विचारलंच, तर एवढं सांगा. त्यापुढचं कुणाला ऐकायचं असेल तर मी तिथं असेनच.

पार्सल मिळालं की आधी टकळीला फोन करा, मला नंतर केलात तरी चालेल. तिला तुमच्याच तोंडून कळू दे, की यायचं नाही असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

तुमची वहिनी,
आणि तिची मामी